उताराचा भरोसा

आमच्या गावात ट्रॅक्टर कमी आणि उतार त्याहून कमी. गांधीग्रामच्या पुलापलीकडचा पूर्णेकाठचा सारा मुलूख ताटासारखा सपाट. काळी माती, आणि नजर टाकाल तिथवर चढ नाही की उतार नाही. अशा गावात मारुतीच्या पारापासून नदीकडे जाणारी शे-दीडशे फुटांची एक घसरण होती. संध्याकाळी वावरातून परतणाऱ्या ट्रॅक्टरांची तिथं जागेसाठी भांडणं व्हायची. सकाळी सेल्फ लागला नाही तर ब्रेक सोडायचा, क्लच दाबून गिअर टाकायचा, आणि गाडी घरंगळली की क्लच सोडून द्यायचा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. म्हणून एकदा का ते फिरलं की झालं. ज्याची बॅटरी चांगली तो ट्रॅक्टर घरासमोर लावी. उतारावर कोणाचा उभा आहे, यावरून गावाला त्याच्या घरची हालत समजे.

आमचा ट्रॅक्टर तीन वर्षं त्या उतारावर उभा राहिला.

तो धाकट्या भावाच्या हट्टानं आला होता. बाबांनी बैलजोडी विकली, वर बँकेचं कर्ज काढलं. जोडी विकल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ट्रॅक्टर रुसला की एक वाक्य ठरलेलं असे, "बैलाले चावी लागत नोयती." धाकटा ते ऐकून जेवणावरून उठून जाई. हळूहळू दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. मग कामापुरतंही मायच्या मार्फत होऊ लागलं. "त्याले सांग, डिझेल आन." "बाबाले सांगजो, आनलं." मी अकोल्याला मास्तरकीत होतो. सुटीत घरी आलो की दोघंही मला वेगवेगळं गाठून एकमेकांची तक्रार सांगत.

ट्रॅक्टरचा रोगही मोठा विचित्र होता. उन्हाळ्यात रोज नांगरटी चालायची तेव्हा बहुतेक तक्रार नसे. एखाद्या सकाळी चावी फिरवली की नुसतं 'कट्ट' व्हायचं आणि दुसऱ्यांदा फिरवली की इंजिन सुरू. पण पावसाळ्यात दोन-तीन दिवस झड लागली, ट्रॅक्टर जागेवर उभा राहिला, की चौथ्या दिवशी चावीला दाद नाही. कट्टसुद्धा नाही. आणि नेमका तोच दिवस महत्त्वाचा. आमच्या काळ्या जमिनीत पाऊस झाल्या झाल्या पाय घालता येत नाही, आणि ऊन पडलं की वाफसा दोन-तीन दिवसांत निघून जातो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. ते खरंच आहे. पण तेवढा पाऊस झाल्यावर जे दोन दिवस मिळतात, त्यात ट्रॅक्टर उतारावरून ढकलायला चार माणसं गोळा करत बसलं की आपलं वावर तर राहतंच, ज्यांची पेरणी भाड्यानं घेतली ते कास्तकारही दुसऱ्याकडे जातात. हप्ता त्या भाड्यातूनच निघायचा होता. मुगाची पेरणी लांबली तर मूग गेलाच समजायचा.

म्हणून पेरणीच्या दिवसांत आमचा ट्रॅक्टर बंदच होत नसे. जेवायला बसले तरी धुऱ्यावर इंजिन धडधडत ठेवायचं. डिझेल जळे ते जळे.

दुकानात गेलं की उत्तर एकच, "बॅटरी गेली, नवी टाका." तीन वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या. त्या जूनमध्ये बाबांनी चौथीसाठी बियाण्याच्या पैशातून पाच हजार बाजूला काढले. मी तेव्हा घरीच होतो. माय म्हणाली, "बाप्पा, एकदा त्या लाँचवाल्याले तरी दाखवा."

लाँचवाला म्हणजे शेजारच्या गावचा मिस्त्री. वऱ्हाडातच जन्मलेला, पण तरुणपणी मुंबईला गेला आणि ससून डॉकवर मासेमारीच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करत दहा-बारा वर्षं राहिला. कुलाब्याचा हा डॉक १८७५ सालचा. पहाटे तिथं मासळीच्या ढिगांत माणूस हरवतो, असं तो सांगायचा. बाप गेल्यावर गावी परतला. आमच्याकडे समुद्र कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याच्या बोटीच्या गोष्टींना पारावर गिऱ्हाईक असे. पण मिस्त्री म्हणून त्याला लोक जरा कमीच बोलवत, कारण तो पाना हातात घेण्याआधी फार प्रश्न विचारी.

आमच्या घरीही त्यानं आधी खाट मागितली आणि चहा घेतला.

"काका, सांगा बरं. सकाळी लागत नाही का तासभर चालून बंद केल्यावर लागत नाही?"

"कधी सकाळी, कधी कधीबी."

"आवाज कसा येते? नुसता कट्ट? का गुर्र करून बसते? का काहीच नाही?"

"मिस्त्री, आवाज आयकाले तुमाले बलावलं का?"

"आवाजच त आयकाव लागते काका. कट्ट येगळा, गुर्र येगळा, चूप येगळा. दर्यात मधोमध चावी फिरवली अन् इंजन नाही बोललं, त ढकलाले कोन येईन? तिथं उतार नसते. म्हून आमी किनाऱ्यावरच सारं मोजून घेत जावो."

मग त्यानं झाकणं उघडली. सहा खणांची बॅटरी, एकेका खणाचे दोनच्या आतबाहेर व्होल्ट. हायड्रोमीटरची काचेची नळी घालून त्यानं सहाही खणांतलं ॲसिड तपासलं. सहाही जवळपास सारखे निघाले. "एखादा खण मेला असता त त्याचा आकडा बाकीच्याईपेक्षा खाली गेला असता," तो म्हणाला. "हे बॅटरी उपाशी हाये, मेली नाई." आणि बाबांकडे पाहून, "काका, थे बिडी जरा दूर ठेवा. चार्ज होतानी याच्यातून जो वायू निघते, थो पेटते."

पाणी कोणतं टाकता, हा त्याचा पुढचा प्रश्न. इथं बाबा जरा थांबले. पहिल्या बॅटरीत सालदारानं हातपंपाचं पाणी ओतलं होतं, हे त्यांनी सांगून टाकलं. मिस्त्री हसला. आमचा मुलूख म्हणजे खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाण्यातून पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला. इथलं भुईतलं पाणी माणसाला प्यायला चालत नाही, पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. ते बॅटरीत घातलं तर त्यातले क्षार शिशाच्या पट्ट्या खाऊन टाकतात. "मुंबईत खारं पानी बाहेरून बॅटरी खाये," तो म्हणाला, "आपल्याकडं आपनच आतून पाजतो."

दुसरी बॅटरी कशानं गेली असेल, हेही त्यानंच सांगितलं. रिकामी होऊन आठवडा-आठवडा तशीच पडली की पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्ज घेत नाही. त्यात अकोल्याचा मे महिना. पारा ४५ च्या वर जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. थंड मुलखात बॅटऱ्या हिवाळ्यात मान टाकतात. आपल्याकडे त्या मे महिन्यात आजारी पडतात आणि पेरणीच्या वेळी उघडकीला येतात.

त्या रात्री त्यानं बॅटरी आपल्या घरी नेऊन चार्जिंगला लावली. सकाळी मीटरवर १२.६ दाखवले, म्हणजे पूर्ण भरलेली. ट्रॅक्टरवर चढवली, चावी फिरवली, आणि कट्ट.

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाह्य. पाच हजार वाचवत होता."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सापडल्याचा आनंद होता. त्यानं मीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या आणि धाकट्याला चावी धरून ठेवायला सांगितली. आकडा ११.४ वर थांबला. "बॅटरी मेली असती त सेल्फ मारतानी आकडा नऊच्या खाली पडला असता. हे ताकद लावून उभी हाये. पन ताकद सेल्फपर्यंत पोचून नाही राह्यली." मग त्यानं एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. "मार चावी." मीटर चार व्होल्टच्या पुढे गेला.

मी विचारलं, "यात वाईट काय?"

"गुरुजी, निगेटिव्हची टोकं अन् इंजन हे एकच पाह्यजे. एका घरात दोन चुली झाल्या तवाच मधात फरक दिसते. इथं अर्धा व्होल्टही जास्त म्हनावा. चार व्होल्ट रस्त्यातच कोनी खाऊन राह्यलं."

"पण लाईट तर झक्क लागतात," धाकटा म्हणाला.

"लाईट चार-पाच अँपिअर घेते. सेल्फले दोन-तीनशे लागते. लाईट म्हंजे लोट्यानं पानी घेनं, सेल्फ म्हंजे पाट सोडनं. नळी अर्धी बुजली तरी लोटा भरते. पाट नाही चालत."

बॅटरीकडून चॅसिसला जाणारी जाड अर्थ वायर त्यानं सोडली. बाहेरून बोल्ट चांगला घट्ट होता, पाना लावून कोणीही म्हटलं असतं की ठीक आहे. खाली पाहिलं तर थिंबळ रंगावरच बसवलेलं, आणि रंगाच्या कडेनं गंज आणि पांढरी भुकटी. त्यानं जागा पॉलिश पेपरनं चकाकेस्तोवर घासली, वायर पुन्हा कसली, वरून ग्रीस चोपडलं. मीटर ०.२ वर आला. चावी फिरवली आणि इंजिन असं उचललं की गोठ्यातलं वासरू उडालं. चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्ट १४ च्या वर गेले, म्हणजे अल्टरनेटरही बरोबर भरत होता.

जाता जाता त्यानं धाकट्याच्या हातातला लांब पेचकस काढून घेतला. सेल्फ लागत नसला की खाली वाकून त्याचे दोन बोल्ट पेचकसानं जोडायचे आणि इंजिन सुरू करायचं, ही आमच्याकडची सगळ्या पोट्ट्यांची कला. "हे नोको करत जाऊ, बाबू. गाडी गिअरात असली त तुह्याच आंगावरून जाईन. लोकं मेले हायेत यानं."

पेरणीचे दोन दिवस सोन्यासारखे गेले. तिसऱ्या दिवशी झड लागली. तीन दिवस पाऊस. चौथ्या दिवशी ऊन पडलं, धाकट्यानं चावी फिरवली आणि ट्रॅक्टर चूप.

त्या सकाळी घरात जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. बाबांनी मिस्त्रीला, ट्रॅक्टरला आणि धाकट्याला एकाच दमात झोडपलं. धाकटा म्हणाला, विकून टाका, मी पुण्याला कंपनीत जातो. त्याची पिशवी खरंच भरलेली होती, ती मायनं पलंगाखालून ओढून मला दाखवली. चार वर्षांत गावातले सात-आठ पोट्टे तसेच गेले होते. एकही परत आला नव्हता.

मिस्त्री आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं. "कट्ट आला होता का?"

"नाही. चूप."

"मंग थो दुसरा रोग व्हय. पह्यला बरा झाला म्हून दुसरा दिसला. दोन रोग एकाच अंगात असले की मानूस एकाचं औषद करते अन् म्हनते, गुन नाही आला."

त्यानं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना शेवटी, हे त्यानं धाकट्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना चॅसिसला लागला की ठिणग्याच ठिणग्या. आपली भरलेली बॅटरी त्यानं सोबत आणली होती, ती जोडली आणि टर्मिनल व वायर यांच्या मधोमध अँपिअरवर केलेला मीटर ठेवला. चावी बंद, लाईट बंद. "आता चावीले हात लावू नोको, नाहीत मीटरच जळून जाईन." बंद ट्रॅक्टरमध्ये आकडा शून्याजवळ हवा. तो ०.८ दाखवत होता.

"गुरुजी, करा हिशोब."

मी केला. ०.८ अँपिअर, दिवसाचे २४ तास, म्हणजे १९ अँपिअर-अवर. आमची बॅटरी ८८ ची. तीन दिवसांच्या झडीत ५७ गेले. उरलेल्यात सेल्फ फिरणार कसा? उन्हाळ्यात रोज काम, रोज अल्टरनेटर भरून देई, म्हणून गळती कळत नव्हती. तीन वर्षं जे आम्हाला ट्रॅक्टरचं लहरीपण वाटलं, ते असं एका गुणाकारात बसत होतं.

मिस्त्री एकेक फ्यूज काढू लागला. आकडा हलला नाही. सगळे फ्यूज निघाले तरी ०.८. मग त्यानं बॅटरीच्या पॉझिटिव्हवर चढवलेली एक बारीक लाल तार बोटानं उचलली आणि सोडली. मीटर शून्यावर आला.

ती तार सीटखालून डेकच्या ॲम्प्लिफायरला जात होती.

डेक धाकट्यानं बसवला होता. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं अकोल्याला नेऊन राजराजेश्वराला वाहतात. गावोगावची मंडळं ढोल घेऊन रात्रभर चालतात. ट्रॅक्टर आला त्याच श्रावणात त्यानं आमच्या मंडळासाठी हा डेक लावला होता. चावी बंद असतानाही गाणं वाजावं म्हणून वायर थेट बॅटरीला. डेक बंद केला तरी ॲम्प्लिफायर आत जागाच राही.

अंगणात कोणी बोललं नाही. धाकट्याचा चेहरा उतरला. बाबांच्या ओठांवर बैलांचं वाक्य आलेलं मला दिसत होतं. मिस्त्रीलाही दिसलं असावं, कारण तोच आधी बोलला.

"काका, डेकात खोट नाही. पोट्ट्याची वायर बी चांगली हाये, जोड पक्का मारला हाये त्यानं. निसती जागा चुकली. लाँचीवर बी असंच राह्यते. रातभर दिवे, वायरलेस, बुडातलं पानी उपसाचा पंप, सारं बॅटरीवर. म्हून तिथं दोन बॅटऱ्या ठेवतात. एक बाकीच्या कामाले, एक निसती इंजन सुरू कराले. तिले कोनी हात लावत नाही. आपल्याले दोन नाही परवडत, मंग एकीचं दार तरी लावाव."

बाबांनी तोंड मिटलं. बऱ्याच वेळानं ते धाकट्याला म्हणाले, "मिस्त्री सांगते तसं जोड." मायच्या मार्फत नाही, थेट.

दोघांनी मिळून डेकची वायर फ्यूज घालून चावीच्या मागून घेतली. निगेटिव्हवर एक कट-ऑफ स्विच बसवला. संध्याकाळी घरी आलं की तो फिरवायचा, मग काहीही चालू राहिलं तरी बॅटरी सुटी. स्विच, वायर, फ्यूज मिळून सहाशेच्या आत भागलं. मजुरी मिस्त्रीनं तीनशे सांगितली. बाबांनी वर दोन पायल्या तूर दिली. "खरं सांगतो," बाबा त्याला म्हणाले, "त्या दोन बॅटऱ्याबी काही चोर नोयत्या. लुटल्या गेल्या बिचाऱ्या."

धाकट्याची पिशवी पलंगाखालून कधी निघाली ते मी पाहिलं नाही. त्याच हंगामात त्यानं अकोल्याहून एक मीटर आणला आणि सुट्टीच्या दिवशी लाँचवाल्याकडे जाऊन बसू लागला. आता पंधराएक वर्षं झाली. आसपासच्या सात-आठ गावांतून त्याला बोलावणं येतं. तोही आधी खाट मागतो आणि आवाज कसा येतो ते विचारतो, आणि लोक त्यालाही "पाना कवा घेशीन?" म्हणून चिडवतात.

दुकानदारानं मेली म्हणून सांगितलेली ती तिसरी बॅटरी आणखी चार वर्षं चालली. तिच्या अंगावर धाकट्यानं रंगानं तारीख लिहिली होती, आणि दर महिन्याचे व्होल्ट बाबा कॅलेंडरवर टिपत, दुधाच्या हिशोबाखाली. शेवटी एका मे महिन्यात तिचा एक खण बाकीच्यांपेक्षा बराच खाली गेला. धाकट्यानं तो आकडा बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा लावून हायड्रोमीटर उजेडाकडे धरला, पुन्हा एकदा मोजायला लावलं, आणि म्हणाले, "हो. आता घे नवी."